फाट्याचं वळण

१४ जानेवारी १९७४

फाट्यावर परत ट्रक उलटला! माणूस वाचला, गुळाच्या ढेपा मात्र रस्ताभर. महिन्यातला हा तिसरा. वळणाच्या पलीकडचं दिसतच नाही, ड्रायव्हर तरी काय करणार? पंधरा वर्षं पलटणीत गाड्या हाकल्यात मी, हवालदार होऊन परतलो, मला कळतं.

चावडीवर नोटीस लागलीय. हमरस्त्याचा फाटा नव्यानं बांधणार. नकाशा बघा, हरकती-सूचना पंधरा दिवसांत लिहून द्या. बघितला. रस्ता थेट माझ्या उसातनं! बारा गुंठे जाणार. आणि वळण? आहे तसंच आंधळं. डोकंच फिरलं.

१७ जानेवारी

मीरासाबला घेऊन मापं काढली. त्याची पंक्चरची टपरी फाट्यावरच आहे, अठरा वर्षं झाली. दोरीचं एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. नकाशातला रस्ता पन्नास पावलं पश्चिमेला सरकवला की वळण मोकळं होतं, ऊसही वाचतो. तिकडं सगळी सरकारी पड जागा. घरी येऊन सूचना लिहून काढली. झकास जमली.

२९ जानेवारी

चावडीत सुनावणी. रस्ते खात्याचे साहेब आले होते. सरपंच हंबीरराव उठले आणि नेहमीप्रमाणं म्हणाले, गावाचं एकमत आहे. आमच्याकडं रीतच ही — कुणी तोंड उघडायच्या आत एकमत! बाकीचे माना डोलवत बसले. मी उठलो, सूचना वाचली. साहेबांना पटली. जमीन विकत घ्यायला नको, म्हणजे आलेल्या निधीत काम बसतंय, म्हणाले. मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर पैसा चंदगडकडच्या रस्त्याला जाणार आहे म्हणे. टाळ्या पडल्या. छाती फुगली माझी.

९ फेब्रुवारी

आज चुन्याच्या फक्कीनं आखणी झाली. रेघ सरळ मीरासाबच्या टपरीतनं गेली. जागा सरकारी, त्याच्याकडं कागद नाही, म्हणून भरपाई नाही. मीरासाब ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला.

१० फेब्रुवारी

फाट्याकडं गेलो नाही.

१२ फेब्रुवारी

बायकोनं जेवताना सरळच विचारलं, "तुमचा ऊस तेवढा दिसला, त्याची टपरी दिसली न्हाय व्हय?" ताट सरकवून उठलो.

पण वहीत तरी खोटं कशाला लिहू? मापं काढली त्या दिवशी पंचवीस पावलांवरच वळण मोकळं झालं होतं. पलीकडचा पूल लख्ख दिसत होता. तिथंच थांबलो असतो तर टपरी वाचत होती, माझे सहा गुंठे जात होते. थांबलो नाही. ऊस पुरता मागं पडेपर्यंत चालत राहिलो. लाज वाटते स्वतःची.

१४ फेब्रुवारी

साहेबांना कचेरीत गाठलं. माझ्याच सूचनेवर माझी हरकत! साहेब वैतागले. आता रेघ हलवायची तर जमीन घ्यावी लागेल, तेवढा निधी नाही, म्हणजे फाटा राहील तसाच. म्हटलं, सहा गुंठे फुकट घ्या. चष्म्यावरनं बघतच राहिले. मग कागद करून आणा म्हणाले.

गावभर बोंब झाली, हवालदाराला येड लागलं. बायकोनं चहा पुढं ठेवला.

१८ फेब्रुवारी

कागद झाला. साक्षीदार म्हणून मीरासाबनं सही केली. बाहेर पायरीवर आल्यावर म्हणाला, "पंचवीस पावलांचं मला त्याच दिवशी कळलं हुतं, हवालदार. तू सांगशील म्हणून थांबलोतो."