मधला फर्मा नसलेलं पुस्तक

अब्बा, आज पाय फार दुखतायत. ड्यूटीवरून आले, चहा केला आणि तो पुढ्यात गार होईपर्यंत नुसती बसून राहिले. आमच्या दवाखान्यात आता बाळंतिणीला घरी सोडायच्या आधी एक कापडी पुस्तक देतात. सहा पानं, हत्ती, चांदोबा, पेरू, प्रत्येकाखाली एकेक ओळ. बाळाला पहिल्या दिवसापासून पुस्तक वाचून दाखवा, हे सांगायचं काम माझ्याकडं. तेच तेच बोलून जीव मेटाकुटीला येतो. आया मान डोलावतात, सासवा तोंडाला पदर लावून हसतात. अजून नीट डोळे उघडत नाहीत आणि ह्यांना वाचन सुचतंय, असं एकीनं परवा तोंडावर ऐकवलं. तुम्ही असता तर तुम्हालाच पुढं केलं असतं.

अम्मी सांगायची, चाळीस दिवसांची झाले तशी तुम्ही मला तुमच्या बाइंडिंगच्या दुकानात न्यायला लागलात. खळीच्या वासात, कागदांच्या गठ्ठ्यांमधे मला दुपट्यावर ठेवायचं आणि हातात येईल ते मोठ्यानं वाचायचं, मग ती पाककृती असो नाहीतर शेतीची माहिती. दुकानातले कामगार चेष्टा करायचे. तुमचं एकच उत्तर असायचं, "तिला कुठं गोष्ट कळतीया? माझा आवाज कळतोय की." पुढं तुम्ही मला छापखान्यातून आलेल्या रद्दी फर्म्यांचं एक पुस्तक शिवून दिलंत. बाजारातून पळालेल्या शेळीची गोष्ट. एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा एक फर्मा, असे तीन, आणि त्यातला मधलाच मिळाला नव्हता. दुपारी डबा खाल्ला की तुम्ही ते उघडायचात, मी तुमच्या मांडीला टेकायचे. मधल्या भागात शेळी कधी मलकापूरच्या बाजारात गूळ खाते, कधी एसटीत चढून कंडक्टरशी भांडते. रोज वेगळी भानगड करून ती शेवटी नदीवर पोचायचीच. माझा सगळा जीव त्या मधल्या भागात असायचा.

दुसरीत होते तेव्हाची ती दुपार. आमच्या शाळेचे गुरुजी वह्या न्यायला आले होते, कामगार जेवत होते. तुमचं वाचन रंगात आलेलं. मी पानाच्या आकड्यावर बोट ठेवलं, सोळा, नंतर एकदम तेहेतीस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अब्बा, हे ह्यात न्हाय. तुम्ही मनाचं सांगताय." कामगार हसले. पोरगी हुशार आहे म्हणून गुरुजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. तुम्हीही हसलात, पण पुस्तक मिटून माझ्या हातात दिलंत. "तुला आता वाचाय येतंय की. तुझं तू वाच." त्यानंतर माझ्या कितीतरी वह्या तुम्ही शिवल्यात, वाचून मात्र एकदाही दाखवलं नाहीत. मी एकटीनं वाचायला लागले तेव्हा शेळी बाजारातून थेट नदीवर जायची. पाच मिनिटांत गोष्ट संपायची.

आज एक तरुण बाप शिरोलीच्या फाउंड्रीतून पाळी संपवून तसाच आला होता. दोन दिवसांची मुलगी. मी पुस्तक दिलं, तर गडी लगेच तिच्यापुढं धरून सुरू झाला. हा हत्ती आमच्या कारखान्यात कामाला हाय, सोंडेनं सगळी लोखंडं उचलतोय, चहाच्या सुट्टीत ह्याला बादलीभर चहा लागतोय. माझ्या अजून दहा खाटा राहिल्या होत्या. मी म्हटलं, "दादा, खाली लिवलंय तेवढंच वाचा."

त्यानं पुस्तक मिटलं. "सिस्टर, मला अक्षरं जुळवून वाचाय लागतंय," म्हणाला आणि पुस्तक बायकोच्या उशाशी ठेवलं. दादा, तुम्ही छान सांगत होता, तसंच सांगा, असं मी त्याला दोनदा म्हटलं. त्यानं नुसती मान हलवली, पुस्तकाला हात लावला नाही. उद्या ते घरी जातील. त्याआधी त्याला गाठून हत्तीचं पुढं काय झालं ते विचारणार आहे. सांगेल की नाही, माहीत नाही.

ते शेळीचं पुस्तक अजून माझ्याकडं आहे. हे पत्र सोळा आणि तेहेतीसच्या मधे ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार? त्या दुपारचं कधी कुणाला सांगितलं तर मी म्हणत आले, लहान होते, कळलं नाही. कळलं होतं, अब्बा. तुम्ही मनाचं सांगता हे मला कितीतरी दिवस आधीच माहीत होतं. गुरुजी येईपर्यंत मी थांबले होते.