जाऊबाईचे सहा हप्ते

मी, गोपिका गिरिधर लांजेवार, वय अठ्ठावन्न वर्षे, व्यवसाय शिवणकाम, राहणार प्रताप नगर, नागपूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्यासारखे काही नाही. पण मी कोणतेही काम अर्धे ठेवून घराबाहेर पडलेली नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि याआधी असा कागद मी केलेला नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. माझे पती गिरिधर इतवारीत साड्यांच्या ठोक दुकानात बत्तीस वर्षे नोकरीला होते. ते २०२२ च्या मार्चमध्ये वारले. आम्हाला एकच मुलगी, अपेक्षा. ती रामटेकला कॉलेजात शिकवते आणि शनिवारी घरी येते. आमच्या भिंतीला लागून धाकटे दीर वामनराव आणि त्यांची बायको भावना यांचे घर आहे. त्यांचा मुलगा आयुष बाहेरगावी असतो. एवढी माणसे माहीत असली की पुढचे सर्व कळेल.

२. प्रताप नगरातील नऊशे चौरस फुटांचा प्लॉट व त्यावरील घर माझ्या नावावर आहे. ते संपूर्णपणे अपेक्षाचे होईल. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

हे घर मूळचे साधे होते. २०१४ साली भावनाने स्वयंपाकघर नवे केले. काळा ओटा, ओढायचे कप्पे, भिंतीला फुलाफुलांच्या टाइल्स. मी बघायला गेले, चहा प्यायले, छान झाले म्हटले आणि त्या रात्री जेवले नाही. दोन महिन्यांत मी यांच्यामागे लागून पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढायला लावले. माझा ओटा तिच्यापेक्षा अर्धा फूट लांब करून घेतला. लोखंडी गेटही तिच्या गेटपेक्षा चार बोटे उंच. हे खरे आहे म्हणून लिहिते. गेट आजही मजबूत आहे.

हप्ता अकरा हजार नऊशेचा, साठ महिने. यांचा पगार एकोणीस हजार. माझ्या शिवणाचे येतील तसे.

मग मी घर हातात घेतले. चिन्नोर तांदूळ बंद केला, इतवारीतून कणी आणली. वरण एक वेळ, रात्री झुणका-भाकर. दूध दीड लिटरवरून अर्ध्यावर. पेपर बंद, केबल बंद. यांची स्कूटी विकली आणि ते सायकलने इतवारीत जाऊ लागले. कूलरला तीन उन्हाळे गवताच्या नवीन ताट्या लावल्या नाहीत, आणि तोही दुपारी दोनच तास. नवीन ओट्यावर शिजवायला फारसे काही उरले नाही. मी तो रोज पुसत मात्र होते. भावनाने त्याच सुमारास एसी बसवला. त्याच्या नळीचे पाणी आमच्या बाजूला टपकायचे. त्याखाली मी बादली ठेवली आणि त्या पाण्याने फरशी पुसली. तिचे थंडगार घर आणि माझी फरशी! पाणी वाया गेले नाही, पण बादली उचलताना रोज हात जड व्हायचा.

३. दोन घरांमधील भिंत सामाईक आहे. तिच्यात मागच्या अंगाला तीन फूट रुंदीची जागा वेगळ्या विटांची दिसते. तिथे पूर्वी दार होते. दोघा भावांनी ते येण्याजाण्यासाठी ठेवले होते. ते मी बुजवले. काहून बुजवले, हे वामनरावांनी मला कधी विचारले नाही. म्हणून इथे सांगते.

अपेक्षा अकरावी-बारावीत होती. मी तिची एक शिकवणी बंद केली होती. घरात उकडायचे, म्हणून ती त्या दारातून काकूकडे अभ्यासाला जाऊ लागली. आधी दुपारी, मग संध्याकाळी, मग जेवूनच येऊ लागली. काकूकडे दूध असे, काकूकडे पंख्याचा आवाज नसे. घरी येऊन ती म्हणे, "काकू वरणात हिंग किती मस्त टाकते गं." मी इकडे आमच्या वाटणीची डाळ मोजत असे.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी ओट्याशी उभी होते. साखरेची वाटी हातात धरून तयार होते. अपेक्षाने मोबाइलवर निकाल पाहिला, उडी मारली आणि माझ्यासमोरून पळत त्या दाराने गेली. "काकू! काकू, चौऱ्याऐंशी!" मला पलीकडून ऐकू आले. मग भावनाचा आवाज: "अवं, आधी आईले सांग ना! जा!" आणि तिने पोरीला हाताला धरून परत आणले.

माझीच मुलगी तिने मला आणून दिली. पोर आधी तिकडे गेली ते एक वेळ मी गिळले असते. हे गिळता आले नाही.

त्याच आठवड्यात मी गवंडी बोलावला. विटा, सिमेंट, मजुरी मिळून सव्वीसशे रुपये. पाच वर्षांत घरातला हा एकमेव खर्च असा, की ज्याची गरज नव्हती. हे दारात सायकल धरून उभे राहिले. म्हणाले, "गोपिका, काहून करून राहिली वं हे? हप्त्याचे पैसे हायेत ते."

मी म्हटले, "असू द्या."

त्या महिन्यात हप्ता चुकला. बँकेने दंड कापला. आणि अपेक्षा रस्त्याने फिरून जाऊ लागली. बत्तीस पावले जास्त पडतात, मी मोजली आहेत.

४. बँकेत माझ्या नावे दोन लाख चाळीस हजारांची मुदत ठेव आहे. त्यातून सर्वप्रथम, इतर कोणत्याही वाटणीच्या आधी, एकाहत्तर हजार चारशे रुपये, आणि २०१८ पासून रक्कम हातात पडेपर्यंतचे ठेवीच्याच दराने व्याज, भावना वामनराव लांजेवार हिला द्यावे. उरलेली रक्कम अपेक्षाची.

अपेक्षा, हे तुला आज प्रथम कळत आहे.

२०१९ च्या जुलैमध्ये शेवटचा हप्ता गेला. बँकेचे पत्र आले. पाच वर्षांनी मी घरात पुरणपोळ्या केल्या, तूप हात न आखडता वाढले. मग ताट झाकून निघाले. हे म्हणाले, "थांब जरा. कुठी चालली?" मी थांबले नाही. मला ते ताट भावनाच्या ओट्यावर ठेवायचे होते.

ठेवले. आणि म्हटले, "आमचे फिटले बरं का. पाच वर्षे पोटाला चिमटा घेतला, पण कोणापुढे हात पसरला नाही."

वामनराव खाली बघू लागले. भावना म्हणाली, "बरं झालं बाई. लय सोसलं तुम्ही." एवढेच.

घरी आले तर हे पलंगावर बसलेले. म्हणाले, "तिले असं नव्हतं म्हणायचं वं." मग सांगितले. आदल्या वर्षी दुकान मंदीत होते. मालकाने सहा महिने अर्धाच पगार दिला. घरात मी आधीच एकेक दाणा मोजत होते, म्हणून यांनी मला सांगितले नाही. सहा हप्ते भावनाने भरले. तिच्या स्वतःच्या साठवणीतून, आणि मला कळू द्यायचे नाही या अटीवर.

म्हणजे माझी कणी, माझा झुणका, माझी बादली. त्यातही ती होतीच.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दोन बांगड्या घेऊन तिच्याकडे गेले. म्हटले, "या ठेव. बाकीचे फेडते."

तिने हात मागे घेतले. "बाई, मले पोरगी नाही. अपेक्षा माह्याकडं अभ्यास करून राहिली तं घर भरल्यावानी वाटे. त्याचे पैसे कसे घेऊ मी? ठेवा त्या तुमच्याजवळ."

ती मनापासून बोलत होती. मला मात्र वाटले, हिने माझी पोर हप्त्याने घेतली. मी बांगड्या पदरात बांधून परत आले. त्यानंतर तीनदा पैसे देऊ केले, तीनदा तिने नाही म्हटले. हयात असेपर्यंत माझे चालले नाही. म्हणून कायद्याने देते. घेत नसेल तर तिच्या घरात ठेवून यावे. परत आणू नये.

अपेक्षा, तुला हे सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तू तिच्यावर आणखी माया केली असतीस. जी आहे तीच मला जास्त होती. आजही शनिवारी संध्याकाळी मी मशीन थांबवून ऐकते, आधी कोणाचे गेट वाजते.

५. शिलाई मशीन, पिकोचे मशीन, कात्र्या व दोऱ्यांचा डबा रामटेकच्या रंभाबाईला द्यावा. तिने माझ्याकडून काम शिकून रामटेकला दुकान टाकले आणि माझी दोन गिऱ्हाइके तिकडे ओढली. तरीही द्यावा. तिचा हात चांगला आहे.

६. वर सांगितलेल्या दोन बांगड्या, मंगळसूत्र व कानातले अपेक्षाचे. बांगड्या तिने काकूला भेट देऊ नयेत. ती देईल, म्हणून स्पष्ट लिहिते.

७. भिंतीतील बुजवलेल्या जागेबाबत माझा काही आदेश नाही. अपेक्षा, घर तुझे, भिंत तुझी.

८. या कागदाप्रमाणे सर्व करण्याचा अधिकार मी वामनरावांना देते. ते पैशाला सच्चे आहेत, आणि बायकोला पैसे देताना त्यांना अवघड जाईल. तेवढे मला हवे आहे.

९. माझ्या अंत्यविधीवर फार खर्च करू नये. कर्ज तर मुळीच काढू नये. भावना रडणार, तिला अडवू नये. पण तिने अपेक्षाच्या गळ्यात पडून रडू नये. निदान मला घरातून नेईपर्यंत तरी. माझ्या डोक्याशी अपेक्षाने एकटीने बसावे.

तेरा दिवस अपेक्षाने याच घरात, माझ्याच ओट्यावर रांधून जेवावे. भावनाने डबा पाठवू नये. तेरा दिवस मला द्यावेत. चौदाव्या दिवशी अपेक्षाला भूक लागली की कुठे जायचे ते तिला माहीत आहे, आणि त्याला माझी हरकत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले. शेवटच्या 'हरकत नाही'मधला 'नाही' खोडावासा वाटला होता, खोडला नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

ठिकाण: प्रताप नगर, नागपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: गोपिका गिरिधर लांजेवार

साक्षीदार:
१. धम्मानंद मेश्राम, निवृत्त पोस्टमास्तर, प्रताप नगर (सही)
२. डॉ. सोनिका हेडाऊ, प्रताप नगर (सही)