दार उघडल्यावर आधी कोण?

३ मार्च, सकाळ.
चेतापेशीची तोंडी परीक्षा, दुसऱ्यांदा. या वेळी गेली तर अख्खं वर्ष पुन्हा. पण मी घाबरणं बंद केलं आहे. शांत चेतापेशी उणे सत्तर मिलिव्होल्टवर बसून असते. धक्का उंबरठ्यापर्यंत पोचला नाही तर ढिम्म हलत नाही. मीही तशीच बसणार.

त्याच दिवशी, दुपार.
झुरळ. किंचाळले. झुरळ जमेस धरायचं नाही. शांत बसणं उद्यापासून.

५ मार्च.
मेंदूची आकृती काढली. लहान मेंदू मोठ्या मेंदूपेक्षा मोठा झाला. बाबा म्हणाले, हा माणूस तोल झकास सांभाळेल, विचार मात्र करणार नाही. मुळात कागदच लहान होता.

६ मार्च.
दहावीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं, त्यामुळे माझा पाया पक्का आहे. फक्त परक्या माणसाने प्रश्न विचारला की वाचा बसते. म्हणून बाबांनी आज घराचीच पेशी केली. दार म्हणजे मेंब्रेन, पेशीचं आवरण. सोडियम म्हणजे समोरचे काका, काकू आणि त्यांचा कुत्रा. कायम बाहेर टपलेले. दार किलकिलं झालं की आधी तेच आत घुसणार. पोटॅशियम म्हणजे बाबा आणि मी. मूळचे आतले, पण मागोमाग बाहेर सटकणारे. आई म्हणजे पंप. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दिवसभर. म्हणून घर शांत दिसतं. आई म्हणाली, दिसतं ना शांत? मग आता पोटॅशियमनी भांडी घासायची.
अभ्यास होता म्हणून मी उठले नाही.

८ मार्च.
पुस्तक उघडलं आणि झोपले. पेशीसुद्धा एकदा पेटली की क्षणभर पुन्हा पेटत नाही. माझा क्षण संध्याकाळपर्यंत चालला. खरं लिहायचं तर त्याआधी मी पेटलेच नव्हते.

९ मार्च.
पेशीचा नियम: पेटली तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. सगळं वाचायला आता वेळ नाही. अर्धवट वाचणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

१० मार्च, संध्याकाळ.
परीक्षा झाली! दाराबाहेर उभी होते. दार किलकिलं झालं. चष्मेवाल्या सरांनी डोकं बाहेर काढून विचारलं, आता आत कोण येणार? मी ताडकन म्हटलं, सोडियम! त्यांनी हातातली यादी वर-खाली पाहिली, मला वर-खाली पाहिलं आणि दार लावून घेतलं. अवाक झाले बिचारे. तिथे रेंगाळणं म्हणजे जादा मार्कांसाठी तोंड वेंगाडणं, म्हणून तडक घरी आले. आई म्हणाली, अगं, एकच प्रश्न? म्हटलं, तयारी असली की दुसरा विचारत नाहीत.

१४ मार्च.
निकाल. माझ्या नावापुढे: गैरहजर.
बाबा चौकशी करून आले. चष्मेवाले सर शिपाई होते. ते म्हणाले, सोडियम नावाची मुलगी यादीत नव्हती, तरी नंतर बाहेर येऊन त्याच नावाने तीनदा हाक मारली हो. खरे सर आत वाट बघत बसले होते.
वर्ष गेलं. बाबा म्हणाले, गैरहजर म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे उणे सत्तरपेक्षा बरंच वर. कुणी हसलं नाही. कुत्रासुद्धा.
मग स्वयंपाकघरातून आईची हाक आली: सोडियम, भांडी! तीनदा.
या वेळी मी हजर म्हटलं.