एकसष्ट शब्दांचं जलचक्र

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. इंग्रजीची परीक्षा मात्र अर्ध्या गुणाने हुकली.

लेखी परीक्षेत जलचक्राची आकृती आली होती, तिचं वर्णन करायचं होतं. रोज पाणी तपासून अहवाल लिहिणारीला हा डाव्या हाताचा मळ. एकसष्ट शब्दांत समुद्राचं पाणी ढगांतून परत समुद्रात आणून सोडलं आणि पेन खाली ठेवलं. निदान दीडशे शब्द हवेत हे वाचलं होतं, पण चित्रात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "अगं शहाणे, पाऊस कसा पडतो ते परीक्षकाला ठाऊक आहे. तुला इंग्रजी किती येतं ते त्याला बघायचंय!"

ही परीक्षा पास झाल्याशिवाय इथली नोकरी कायम होत नाही. पुन्हा बसायची शेवटची तारीख नेमकी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीच आहे. त्यामुळे माझं येणं होणार नाही. तिच्या डोळ्यात औषध घालायला काकू येतील का?

आईला मीच लिहिणार होते, पण तीन कागद फाडले. तुम्हीच सांगा तिला.

तुमची,
धाकटी