खाट क्रमांक चौदा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीवरून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बाकीच्या शरीराबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, ते बरंच केलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणापाशी बसण्यात गेली, स्वतःचं काम मागे पडत गेलं.

कलम १. माझं दोन खोल्यांचं घर भाच्याला द्यावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. घर विकायचं असेल तर खुशाल विकावं. न्हाणीघराच्या भिंतीत ओल आहे, ती रंग लावून झाकू नये, घेणाऱ्याला आधी सांगावी.

कलम २. बँकेत असेल ती शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला. ती माझ्याशी बारा वर्षं बोलत नाही. तिच्या मुलीच्या लग्नात मी भरल्या ताटावरून उठून रुग्णालयात गेले, एका अनोळखी म्हाताऱ्याजवळ बसायला. तिचा राग रास्त होता. पण म्हाताराही थांबायला तयार नव्हता. तिने पैसे नाकारले तर भाच्याने वाद घालू नये, दोन महिन्यांनी पुन्हा विचारावं.

कलम ३. घडीच्या पाच खुर्च्या माझ्या स्वतःच्या आहेत, रुग्णालयाच्या नाहीत. रुग्णांजवळ पाळीने बसणाऱ्या आमच्या माणसांकडेच त्या राहाव्यात. हेडक्लार्कसाहेबांनी त्या तीनदा कुलपात टाकल्या आणि आम्हाला चारचौघांत ‘रडूबाईंची फौज’ म्हटलं. त्यांच्या वडिलांजवळ शेवटचे चार दिवस आमचीच माणसं बसली होती. त्यानंतर कुलूप निघालं, माफीचा शब्द काही निघाला नाही. मी तो विषय इथे संपवते, कारण आता भांडायलाही दम लागतो.

कलम ४. हे महत्त्वाचं. ज्यांच्या उशाशी कुणी नसतं, किंवा ज्यांची माणसं कामधंद्यामुळे पोचू शकत नाहीत, अशांजवळ शेवटच्या दिवसांत दोन-दोन तास बसायचं, एवढंच आमचं काम. हात धरायचा. रुग्ण बोलला तर ऐकायचं. आजाराबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, डॉक्टरांना विचारा म्हणायचं. पाळ्यांची वही, कपाटाची किल्ली आणि सत्तावीस माणसांची जबाबदारी मी शाळेतल्या बाईंकडे देते. त्या आठ वर्षं आमच्यात आहेत. त्यांच्याइतकं शांत बसणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मात्र त्यांनी हो म्हणण्याआधी पुढचं वाचावं.

नावांचा घोळ होतो म्हणून मी वहीत फक्त खाटेचा क्रमांक लिहायचे. खिडकीवर तीस वर्षं काढलेल्या बाईला आकड्यांवर भारी भरवसा. आठ वर्षांपूर्वी बाईंची आई इथे शेवटच्या अवस्थेत होती. बाई शाळेत होत्या, चार वाजता येणार होत्या. दोन ते चारची पाळी माझी. वहीत लिहिलं होतं, चौदा. मी आईंना तोवर पाहिलेलं नव्हतं. चौदावर एक बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी खुर्ची उघडली, त्यांचा हात हातात घेतला.

त्या सकाळी छत गळालं म्हणून खाटांची हलवाहलव झाली होती. आई नऊ नंबरवर गेल्या होत्या. चौदावर पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालेल्या, चार दिवसांत घरी जाणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, “अहो, तुम्ही कोण? मला काय झालंय?” मी म्हटलं, “घाबरू नका, मी आहे. बाकी डॉक्टरांना विचारा.” बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने तिन्ही मुलांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर शेताची वाटणी सुरू केली. सिस्टर धावत आल्या तेव्हा मला कळलं. मी नऊकडे गेले. आई तोवर गेल्या होत्या, एकट्या.

चार वाजता शाळेतून बाई आल्या. म्हणाल्या, “कुणी होतं ना जवळ?” मी म्हटलं, “मी होते.” “काही बोलली का?” इथे तरी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, “म्हणाल्या, तिला सांगा, मुलांना वर्गात सोडून धावत येऊ नको.” बाई रडल्या आणि पुढच्याच महिन्यात आमच्यात आल्या. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे वाक्य सांगतात. मी शेजारी उभी राहून ऐकत आले आहे. मला त्याची लाज वाटते.

पुरवणी, तीन दिवसांनी. वरचं मी मेल्यावर वाचलं जावं अशी योजना होती. पुन्हा वाचलं तेव्हा तो शुद्ध भित्रेपणा वाटला. आता मीच याच वॉर्डात सहा नंबरवर आहे आणि चार ते सहा माझ्याजवळ बाईच बसतात. परवा त्यांच्या हातात हे कागद दिले. त्यांनी उभ्यानेच वाचले.

“म्हणजे आई काहीच बोलली नाही?”

“मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.”

“ताई, आठ वर्षं मी ते सांगतेय हो सगळ्यांना.”

“हो.”

त्या निघून गेल्या. काल आल्या नाहीत. आज बरोबर चारला आल्या.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” म्हणाल्या.

“मग आलात कशाला?”

“पाळी माझी आहे.” त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मग त्यांनी विचारलं, “नऊ म्हणजे नेमकी कुठली? मी आले तेव्हा आईला खाली शवागारात नेलेलं होतं.”

मी बोट दाखवलं. खिडकीपासून दुसरी. तिथे आता कुणी दुसऱ्याच बाई झोपल्या आहेत. कलम ४ मी तसंच ठेवते. स्वीकारायचं की नाही हे बाईंनी सांगितलेलं नाही, मी विचारणारही नाही. मी हे लिहीत असताना त्या उठून नऊपाशी गेल्या आहेत, स्वतःची खुर्ची घेऊन.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांना यातून काहीही मिळायचं नाही.

सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: वॉर्डच्या सिस्टर. सही.
साक्षीदार २: सात नंबरच्या रुग्णाचा मुलगा, धंदा गवंडीकाम. सही.

ठिकाण: स्त्रियांचा वॉर्ड, दुसरा मजला, खाट क्रमांक सहा.
दिनांक: १४ मार्च, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच.