शहाडची भाडेपावती

ठाणे,
८ जानेवारी २०२५

चि. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

पैशाचं बोलणं कागदावर करायचं, हा बाबांचा नियम. शिवाय फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतेस आणि मध्येच भाजी परतायला जातेस.

महिनाअखेरीस तू शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त होशील. तीस लाख हातात येतील. तू लग्न केलं नाहीस, मूल नाही. मी आहे, पण मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. म्हातारपणी तुला सांभाळणार ते हे तीस लाखच. ते सगळे पेन्शन योजनेत घाल. मुद्दल अडकतं, मोडता येत नाही, हे मला माहीत आहे. तेच बरं. तुझ्यासारख्या हळव्या बाईचे पैसे अडकलेलेच असावेत. जिवंत असेपर्यंत दरमहा साधारण सोळा हजार घरबसल्या येतील.

शहाडच्या ज्या फ्लॅटचं तू म्हणतेस, त्याला भाडं मिळेल फार तर आठ हजार. त्यातून सोसायटीचा खर्च, घरपट्टी आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा कर. तिथला नळ गळायला लागला की कोण धावणार? तुला स्वतःच्या घरातला बल्ब बदलायला शेजारचा सुश्रुत लागतो.

विचार करून लिही. लोभ असावा, आणि या खेपेस थोडी अक्कलही.

तुझी,
सुमतीताई

---

कोपर, डोंबिवली पश्चिम,
१५ जानेवारी २०२५

ती. सुमतीताईस,
सा. न. वि. वि.

आधी तिळगूळ घे, मग रागाव.

ताई, तुझे सोळा हजार दहा वर्षांनीही सोळा हजारच राहणार. डाळ तेवढ्याच भावाची राहणार आहे का? आणि दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन 'मी अजून जिवंत आहे' असं सिद्ध करायचं! गेल्या वर्षी तू दोन तास रांगेत उभी होतीस आणि यंत्राला तुझा अंगठाच ओळखू येईना. मला नाही जमणार. पैसे कुलपात घालायचे आणि किल्ली परक्याच्या कमरेला. घर कसं, माझं मी विकू शकते.

आता खरी बातमी. दलाल रघू म्हणतो, त्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आधीपासून आहे. नंदाबाई म्हणून एक एकट्या बाई. वर्षानुवर्षं तिथेच आहेत, मालक तेवढे बदलतात. भाडं किती देतील, विचारलं, तर सतरा हजार! तुझ्या आकड्यापेक्षा बरोबर हजार जास्त. तुझा आकडा मी त्याला सांगितलाही नव्हता. त्यांची एकच अट आहे. मालकिणीने एक तारखेला दुपारी बारा वाजता स्वतः येऊन भाडं घ्यायचं.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
उत्तरा

---

ठाणे,
५ मार्च २०२५

चि. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

घेतलास म्हणे. मला रजिस्ट्रेशन झाल्यावर कळवलंस, म्हणजे मी काय म्हणेन ते तुला ठाऊक होतं.

आठ हजारांच्या जागेचे सतरा हजार देणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर त्याला जागेपेक्षा वेगळं काही हवं असतं. पण झालं ते झालं. आता व्यवहार तरी नीट कर. दर महिन्याला रीतसर भाडेपावती झाली पाहिजे. पावती तिला, स्थळप्रत तुला. आणि स्थळप्रत हातात पडल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. बाबा आयुष्यात एकदाच पावती न घेता उठले आणि घराची अनामत रक्कम त्यांना दोनदा भरावी लागली. त्या वर्षी मला नवा गणवेश मिळाला नव्हता. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, म्हणून तुला त्याचं काही वाटत नाही.

हे मी तुला आज्ञा म्हणून लिहीत आहे.

लोभ आहे म्हणूनच लिहिते.

सुमतीताई

---

कोपर,
२ एप्रिल २०२५

ती. सुमतीताईस,
सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. काल बाराच्या ठोक्याला गेले. दार उघडंच होतं. घर इतकं स्वच्छ की चप्पल काढताना लाज वाटली. खिडकीतून उल्हास नदी दिसते. नंदाबाई टेबलापाशी बसल्या होत्या. समोर एक खुर्ची माझ्यासाठी. पैसे पाकिटात तयार. पावती त्याच लिहितात, टाकाने, एकेक अक्षर कोरून. मी फक्त सही करायची. चहा पिऊन होईस्तोवर स्थळप्रत हातात आली.

गंमत म्हणजे जिना झाडणाऱ्या हौसाबाई मला खाली भेटल्या आणि विचारू लागल्या, घरी सांगून आलात ना? मी म्हटलं, अहो, घरी सांगायला आहे कोण! त्या हसल्या नाहीत.

लोभ असाच राहो.

उत्तरा

---

कोपर,
३ जून २०२५

ती. सुमतीताईस,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात पत्र राहिलं. रागावू नकोस.

पावतीला आता वेळ लागतो. पहिल्या महिन्यात त्यांनी नुसतं माझं नाव लिहिलं. मेमध्ये बाबांचंही नाव विचारलं, मग गाव, जन्मतिथी. तेव्हा चार वाजले. परवा आईचं माहेर, माझी शाळा, लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पडले होते त्याची खूण कुठे आहे, तेही लिहिलं. ती पडल्याची गोष्ट तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत आहे, ताई? मी सांगितली असेन. आठवत नाही.

मध्ये उठावंसं वाटलं, पण तुझा शब्द आठवला. स्थळप्रत मिळाली तेव्हा समोरच्या इमारतीत दिवे लागले होते. मला मात्र तासभरच झाल्यासारखं वाटत होतं.

त्यांच्या मागे एक फळी आहे. तिच्यावर तीन चष्मे ओळीने ठेवलेत, तिन्ही बायकांचे. मी विचारलं, तर म्हणाल्या, आधीच्या मालकिणींचे. इथे त्यांना चष्म्याची गरज लागली नाही.

पैसे मात्र अगदी वेळेवर मिळतात हं.

लोभ असावा.

उत्तरा

---

ठाणे,
७ जून २०२५

चि. उत्तरा हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी उठले ती थेट कल्याणला रघूच्या दुकानात गेले. आधीच्या तिन्ही मालकिणींची नावं त्याच्याकडून काढून घेतली. तिघी एकट्या, तिघी निवृत्त, तिघींनी पेन्शन नको म्हणून घर घेतलेलं. त्या आता कुठे असतात, विचारलं, तर म्हणाला, मावशी, शेवटचं भाडं घ्यायला गेल्या एवढंच माहीत आहे, पुढे घर विकलं ते भाच्या-पुतण्यांनी. एवढं सांगून तो पंख्याचं बटण उगाचच चालू-बंद करत राहिला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण हिशेबावर ठेवते, आणि हा हिशेब जुळत नाही. एक जुलैला जाऊ नकोस. भाडं बुडालं तर बुडू दे. घर विकायला काढ. आलेले पैसे मी सांगते तिथे घाल. तिथे तुला समोर बसा म्हणणारं कुणी नाही.

तू ऐकशील ना? एवढ्या एका ओळीचं तरी उत्तर पाठव.

सुमतीताई

---

शहाड

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं होतं. मी फक्त सांगायला आले होते की, घर विकते आहे. नंदाबाई बरं म्हणाल्या, शेवटची पावती तेवढी पुरी करू या, म्हणाल्या.

एकच ओळ उरली आहे. फोन पिशवीत वाजतो, पण पिशवी दारापाशी आहे. उठले तर पावती राहील. तूच म्हणाली होतीस.

भूक लागत नाही. नदी छान दिसते. हा कागद नंदाबाई दारात देतील, हौसाबाई टाकतील पेटीत.

तारीख कोणती, ते पावतीवर आलं की कळवते.

उ.

---

शहाड,
९ जुलै २०२५, दुपार

चि. उत्तरा हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तू जिना उतरून गेलीस त्याला तासभर झाला असावा. हौसाबाईने तुला रिक्षात बसवलं, असं तिने दारातूनच सांगितलं. उंबऱ्याच्या आत ती येत नाही. शहाणी बाई आहे.

आठ दिवस तू या खुर्चीत होतीस. मी दंडाला धरून ओढलं तर तू शाळकरी मुलीसारखी म्हणालीस, ताई, पावती व्हायची आहे गं. माझाच नियम माझ्या तोंडावर आला. मी या नंदाबाईला चांगली खडसावली. ती अजिबात रागावली नाही. म्हणाली, रक्ताच्या नात्यातलं कुणीही पावती घेऊ शकतं, फक्त बसायला हवं. मग मी तुला उठवलं आणि बसले. दुसरा मार्ग असता तर मी तो काढला असता, हे तुला ठाऊक आहे.

माझा बेत असा होता की, तू खाली पोचलीस की स्थळप्रत हिसकावून घ्यायची आणि चालू पडायचं. पण अर्धवट पावती घेऊन उठणं मला जमत नाही. एकाहत्तर वर्षांची सवय आहे. नंदाबाई आता माझ्या त्या न मिळालेल्या गणवेशाविषयी लिहीत आहे. रंग कोणता होता, तेही तिला माहीत आहे.

आता नीट वाच. घर रघूला विकायला सांग, पण जिच्यामागे कुणी नाही अशा बाईला विकू नको. खरं तर कुणालाच विकू नको. पडून राहू दे. तीस लाख गेले असं समज. माझ्या ठाण्याच्या घरात राहायला ये. कपाटात माझ्या ठेवींचे कागद आहेत, त्यांवर तुझंच नाव लावलेलं आहे. ते पैसे पेन्शनमध्ये घाल आणि दर नोव्हेंबरात रांगेत उभी राहा. तू जिवंत आहेस हे वर्षातून एकदा कुणी तरी विचारतं, यात कमीपणा काही नाही. मला तर आता ते फार चांगलं वाटतं.

माझाही दाखला नोव्हेंबरात द्यायचा आहे. तोवर पावती होईलच. नाही झाली, तर बँकेला काही सांगायला जाऊ नको, आणि स्थळप्रत घ्यायला तू वर येऊ नको. हीही आज्ञाच समज. राहिली पावती तर राहू दे.

लोभ होता, आहे. तो तू तुझ्यापाशी ठेव.

तुझी,
सुमतीताई

ता. क. ठाण्याच्या घरी माझा चष्मा शोधत बसू नको. तो इथेच आहे. मघाशी काढून फळीवर ठेवला. इथे त्याच्यावाचून अक्षर स्पष्ट दिसतं.