गादीतले पाणी आणि घराची अट

मी खाली सही करणारी, वय बहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या शुद्धीबद्दल शंका घ्यायची माझ्या मुलाला फार हौस. कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पण भरपूर रागात, मी हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. माझी पुस्तके आणि प्रयोगाचे काचसामान माझ्या शाळेला द्यावे. शिलाई मशीन सुनेला. त्या दिवशी "अहो, आईंना विचारा तरी," असे ती एकटीच म्हणाली होती. तिचे कोणी ऐकले नाही.

२. त्या दिवशी काय झाले ते इथेच नोंदवते, म्हणजे माझ्या पश्चात कोणी सारवासारव करायला नको. आमच्या ह्यांच्या पाठीच्या दुखण्यासाठी आम्ही पाण्याची गादी घेतली होती. शेवटची चार वर्षे ते तिच्यावरच होते. ते गेल्यावर मी तिच्यावर झोपू लागले. गेल्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशनसाठी मी इस्पितळात असताना मुलाने आणि मुलीने ती परस्पर रिकामी करायला घेतली. "आता कुठे आई परत यावर झोपतेय!" हे मुलाचे वाक्य खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने जिन्यात ऐकले. अरे, मी जिवंत होते! टाके निघायची वाट बघत होते.

३. दोघेही माझ्याच वर्गात सायफन, म्हणजे नळीतून पाणी आपोआप खालच्या पातळीला उतरवणे, शिकले. मुलाला पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते; ते या कलमान्वये परत घेत आहे. दिवट्या चिरंजीवांनी नळीचे टोक सोडले कुठे, तर बेसिनमध्ये, गादीपेक्षा हातभर वर! पाणी उतरेना. नळीत पाणी भरायला मुलीने ती नळाला जोडली, इथवर ठीक. पण नळ तसाच सोडून बाईसाहेब फोनवर बोलत बसल्या. गादी टम्म फुगली. मग चिरंजीवांनी घाबरून कात्री खुपसली. शिंप्याचे छत गळले, कोणाचा तरी लग्नाचा कोट भिजला, आणि "तुझ्यामुळे", "नाही, तुझ्यामुळे" करत भाऊ-बहिणीने जो अबोला धरला तो आजतागायत. माझ्याशी बोलतात, तेही एकमेकांच्या चुगल्या करायला. मला संताप येतो, आणि रडूही येते.

४. गादीला ठिगळ लावून मी ती पुन्हा भरून घेतली आहे. राहते घर दोघांना समान, पण माझ्यानंतर ही गादी दोघांनी मिळून, कात्रीविना, रिकामी करायची. आधी गादीखालच्या, पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरचा प्लग काढावा. नळी पाण्याने काठोकाठ भरावी, आत बुडबुडा नको. दुसरे टोक न्हाणीघरात, खाली, मोरीशी. तीन तास लागतील. तोवर दोघांचेही फोन सुनेकडे. प्लंबर बोलावलात तर घरही शाळेला जाईल.

५. शेवटचे पाणी आपणहून येत नाही. दोघांनी उशाशी गुडघे टेकून, खांद्याला खांदा लावून, गादी गुंडाळत पायथ्याकडे यावे लागते. एकट्याने होत नाही. हे गेले तेव्हा गादीतले पाणी बदलताना मी एकटीने करून पाहिले आहे. "थांब", "धर", "आता सोड" एवढे तरी बोलावेच लागेल. तेवढे बोललात की घर तुमचे.

सही : दोघांची आई
साक्षीदार : १. खालचा शिंपी (याला इथे काही दिलेले नाही, छत आधीच रंगवून दिले आहे) २. दाखला देणारे डॉक्टर
ठिकाण : राहते घर, गादीच्या काठावर बसून
दिनांक : ९ मार्च, सकाळी अकरा